वहीच्या मागच्या पानावरची मिनिटं

"ट्रॅव्हल क्लबमध्ये नाही घातलं तर मागे पडेल का हो तो?" न्यू जर्सीत समुपदेशन करताना मे महिना जवळ आला की मुलांच्या फुटबॉलबद्दल हा प्रश्न ठरलेला. ट्रॅव्हल क्लब म्हणजे फी घेऊन, बाहेरगावी जाऊन सामने खेळणारा क्लब. त्याच्या पुढच्या हंगामाच्या ट्रायआउट, म्हणजे निवडचाचण्या, तेव्हाच असतात. एका आईचा फोन मात्र वेगळ्याच कारणाने आला. दहा वर्षांच्या मुलाचं दर शनिवारी सकाळी पोट दुखायचं, आणि डॉक्टरांना तपासून काही सापडत नव्हतं. (कुटुंबाच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी तो गावच्या 'रेक' (रिक्रिएशनल, म्हणजे हौशी) संघात खेळायचा. कुणाची आई कोच, कुणाचे बाबा रेफरी, हंगामाचे दीडशे डॉलर. मग बाबांनी पगारी कोच असलेल्या क्लबात घातलं. वर्षाचे अडीच हजार, शिवाय युनिफॉर्म, पेनसिल्व्हेनियातल्या स्पर्धा, हॉटेलं.

दुसऱ्या भेटीत मुलाने दप्तरातून गणिताची वही काढली. "मावशी, हे बघ." मागच्या पानावर पेन्सिलीने तारखा आणि समोर आकडे: १२, ९, १०, ०. या वयाचा सामना ५० मिनिटांचा, सात-सात जणांचा. त्यातली किती मिनिटं आपण मैदानावर होतो, ते पोराने बेंचवर बसून मोजलं होतं. शून्य खोडून पुन्हा शून्यच लिहिलेलं दिसत होतं.

मी ती वही त्याला विचारून आईबाबांना दाखवली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा म्हणाले, "मॅडम, आत्ता सोसलं तर पुढे स्कॉलरशिप मिळेल. प्रिन्स्टन जवळच आहे." मला सांगावं लागलं की प्रिन्स्टन विद्यापीठ आयव्ही लीग या नामवंत विद्यापीठांच्या गटात आहे आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या, म्हणजे डिव्हिजन तीनच्या कॉलेजांतही नाही. ते बराच वेळ गप्प राहिले.

बाबा मूळचे कोल्हापूरचे. मी विचारलं, तुमच्याकडे फुटबॉल कसा चालायचा? माणूस खुलला. शाहू स्टेडियम, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच, आजोबांच्या खांद्यावर बसून केलेला आरडाओरडा. "तालमीची टीम म्हणजे आख्ख्या पेठेची. फी कसली?" मग स्वतःच थांबले. रेक संघाने कोचिंगला मदत मागितली तेव्हा "मला शिकवता येत नाही" म्हणून त्यांनीच नकार दिला होता. आपण कमी पडतोय ही टोचणी होती आणि ती पैसे भरून मिटेल असं वाटलं होतं. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्या किती घरांत ही टोचणी मी पाहते!

म्हणून त्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे: दहाव्या वर्षी मागे पडत नाही. पालक-स्वयंसेवकांवर चालणाऱ्या आयसो या मुलांच्या फुटबॉल संस्थेचा (स्थापना १९६४, कॅलिफोर्निया) नियमच आहे की प्रत्येक मूल निदान अर्धा सामना खेळेल. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची अकादमीही सांगते की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवावं आणि आठवड्यात निदान एक दिवस सुट्टी असावी. क्लब वाईट नसतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने स्वतः वर्षभर हट्ट करून क्लब मिळवला आणि ती तिथे फुलली. पण हट्ट तिचा होता. फी भरण्याआधी क्लबला एवढंच विचारा: माझं मूल प्रत्येक सामन्यात किती मिनिटं खेळेल? उत्तर गोलगोल आलं तर थांबा.

त्यांनी हंगाम संपल्यावर क्लब सोडला. पैसे परत मिळाले नाहीत, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. पोटदुखी लगेच थांबली नाही, ऑक्टोबर उजाडला.

बाबांनी स्वयंसेवक कोचांसाठीचा रटगर्स विद्यापीठाचा तीन तासांचा सुरक्षा वर्ग केला आणि रेक संघात मदतनीस झाले. नोव्हेंबरात ते एकटेच भेटायला आले. मला वाटलं, मुलाबद्दल काही असेल. पण त्यांच्या संघात एक लाजाळू पोर होतं, मैदानाबाहेर बोलावलं की रडायचं. "त्याच्याशी कसं बोलू?" खिशातून त्यांनी दुमडलेला कागद काढला. त्यावर सगळ्या मुलांची नावं होती आणि प्रत्येकापुढे मिनिटं.