न्यायालय तेच, न्यायमूर्तीही तेच; मग निकाल का बदलतो?

प्रश्न : मी सोलापुरात तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले आणि सर्वोच्च न्यायालय हा नागरिकाचा शेवटचा आधार आहे, असे मुलांना सांगत आलो. आणीबाणीत माझे थोरले बंधू ‘मिसा’ या खटल्याविना अटकेची मुभा देणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध होते. त्यांचा उच्च न्यायालयातील अर्ज एप्रिल १९७६ नंतर निरर्थक ठरला. २००९ मध्ये ते गेले. राज्यघटना तीच असताना राजकीय उलथापालथीत सर्वोच्च न्यायालय असे का बदलते? मी मुलांना चुकीचे शिकवले का?
– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : गुरुजी, आपल्या बंधूंचा मार्ग ज्या निकालाने बंद केला, तो २८ एप्रिल १९७६ रोजी लागला आणि ‘जबलपूर खटला’ या नावाने ओळखला जातो. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेबाबतचे संरक्षण) यांमधील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागणे स्थगित झाले होते. तरीही मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले होते. सर्वोच्च न्यायालयातील पाचपैकी चार न्यायमूर्तींनी, म्हणजे सरन्यायाधीश ए. एन. राय, एम. एच. बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि पी. एन. भगवती यांनी, ते सारे निर्णय रद्द ठरवले. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी निकालपत्र लिहिले.

मात्र माझ्या मते या निकालाची पायाभरणी तीन वर्षे आधी झाली होती. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरापैकी सात न्यायमूर्तींनी सांगितले की, संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. त्यानंतर दोन दिवसांतच शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून, अल्पमतात असलेल्या राय यांना सरन्यायाधीशपदाची शपथ देण्यात आली आणि तिघांनीही राजीनामे दिले. त्या दोन दिवसांत घटनेतील एकही शब्द बदलला नव्हता. मोडला होता तो केवळ सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तीला सरन्यायाधीश करण्याचा संकेत. पण पुढच्या प्रत्येक निकालाची किंमत काय असू शकते, हे त्या दिवसापासून प्रत्येक न्यायमूर्तीला ठाऊक होते. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. जानेवारी १९७७ मध्ये खन्ना यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्ना पायउतार झाले. सर्वोच्च न्यायालय असे आधी नेमणुकांच्या दारातून बदलते. निकालपत्रांत तो बदल नंतर उमटतो.

तथापि सगळा दोष भीतीवर टाकणे मला पटत नाही. संकटकाळी सरकारवरच विश्वास ठेवला पाहिजे, असे काही न्यायमूर्तींना मनापासून वाटत होते. सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते, अशा अर्थाचे वाक्य बेग यांच्या निकालपत्रात आहे. आपल्या घरातील माणूस तेव्हा तुरुंगात होता. ते वाक्य आपल्याला कसे वाटेल, हे मी समजू शकतो. हा विश्वास मला भीतीपेक्षाही घातक वाटतो, कारण भ्यालेल्या माणसाला आपण चुकतो आहोत हे निदान कळत असते. प्रशासनाचा शब्द अंतिम झाला की काय होते, हे मे १९३० मधील मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरला वेगळे सांगायला नको.

आता याची दुसरी बाजू पाहा. २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुच्छेद २१ चा अर्थ कमालीचा विस्तारला, आणि त्या पीठावर बेग, चंद्रचूड व भगवती हे तिघेही होते. दोन निकालांमध्ये अवघे एकवीस महिने आणि एक सार्वत्रिक निवडणूक होती. पाकिस्तानातही असेच घडले. १९५८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने यशस्वी क्रांतीला, म्हणजे लष्करी सत्तापालटाला, कायदेशीर मानले आणि १९७२ मध्ये ती भूमिका चुकीची ठरवून लष्करी शासक याह्याखान यांना सत्ता बळकावणारा म्हटले. पण तोवर याह्याखान सत्तेवरून गेलेले होते. वादळ ओसरल्यावर दाखवलेले धैर्यही मोलाचे असते, परंतु वादळात अडकलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही. भगवती यांनी २०११ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. जबलपूरचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द झाला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, गोपनीयतेच्या हक्काच्या खटल्यात, आणि ते लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. आपल्या बंधूंना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.

आपण मुलांना चुकीचे शिकवले असे मला वाटत नाही. ते अपुरे होते, एवढेच म्हणेन. त्या वर्षी आधार दिला तो नऊ उच्च न्यायालयांनी आणि एका विरोधी निकालपत्राने, आणि पुढची डागडुजी न्यायालयाने नव्हे तर संसदेने केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीमुळे अनुच्छेद २० (गुन्ह्यांच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ मधील हक्कांची दाद आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. मात्र स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना माणसाला तीनऐवजी फार तर दोनच महिने स्थानबद्ध ठेवता यावे, म्हणून त्याच दुरुस्तीत एक कलम घातले होते. ते संमत झाले, पण सरकारे बदलत गेली तरी ते अमलात आणणारी अधिसूचना कोणीही काढली नाही, त्यामुळे तीन महिन्यांची मुभा आजही कायम आहे.