बोटीवरचा १२ व्होल्टचा टीव्ही बंद पडला. दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही ग्राहकच नाही’

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातला. येलदरीच्या जलाशयात मासेमारी करतो. संध्याकाळी जाळी टाकली की रात्री राखणीला बोटीतच मुक्काम. करमणूक म्हणून बोटीतल्या बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही घ्यायचा होता. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, ‘डिझेल इंजिनची बोट आहे, १२ व्होल्टची बॅटरी आहे, डायनामोवर चार्ज होते, त्यावर चालेल असा टीव्ही द्या.’ त्यांचा व्हॉइस मेसेज आला, ‘बिनधास्त थेट बॅटरीला जोडा, काही होत नाही.’ २४ इंची टीव्ही ११,५०० रुपयांना घेतला, पक्कं बिल आहे. दुसऱ्याच महिन्यात रात्री इंजिन चालू करताच टीव्ही बंद पडला, जळका वास आला. चित्र तर आधीपासूनच मधेमधे तुटायचं. आता दुकानदार म्हणतो, अ‍ॅडॅप्टर न लावता जोडला म्हणून वॉरंटी गेली. बोट धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही. आणि बिलावर छापलंय की विकलेला माल परत घेतला जाणार नाही, वाद संभाजीनगरच्याच कोर्टात चालेल. मला काही मिळेल का?

उत्तर : मिळू शकेल, आणि तुमची बाजू दुकानदार सांगतो तेवढी कच्ची मुळीच नाही. पण आजपासून एक गोष्ट पाळा : टीव्ही कोणाकडूनही उघडून घेऊ नका. गावातला मेकॅनिक ‘फक्त बघतो’ म्हणाला तरी नको. मागचं झाकण एकदा उघडलं की समोरच्या वकिलाला आयती पळवाट मिळते. टीव्ही, अ‍ॅडॅप्टर, तुम्ही जोडलेली वायर, खोकं, वॉरंटी कार्ड, सगळं जसंच्या तसं कोरड्या जागी बांधून ठेवा. टीव्हीच्या पाठीवरच्या लेबलचा, अ‍ॅडॅप्टरवर छापलेल्या आकड्यांचा आणि बोटीतल्या जोडणीचा स्पष्ट फोटो काढा.

आधी ‘धंद्याचं’ प्रकरण निकाली काढू, कारण ते ऐकूनच पुष्कळ लोक गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक ठरत नाही, हे खरं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे उदाहरणं देऊन सांगितलं : स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक असतो, आणि त्याने मदतीला एकदोन माणसं घेतली तरी तो ग्राहकच राहतो. तुमच्याबरोबर बोटीत भाऊ किंवा गडी असेल, तरी बिघडत नाही.

तुमच्या बाबतीत तर तिथपर्यंत जायचीही गरज पडू नये. टीव्हीने मासे पकडले जात नाहीत. तो तुम्ही रात्रीच्या मुक्कामाला, स्वतःसाठी घेतला. २०१९ मध्ये लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा आला होता. रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टने परिचारिकांच्या राहण्यासाठी घरं घेतली होती. विकासकाचं म्हणणं होतं की हा व्यापारी हेतू आहे. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. वस्तू नफा कमावण्याच्या व्यवहाराशी थेट जोडलेली आहे का, तिचा मुख्य उपयोग काय, हे पाहिलं. २०२४ मध्ये श्रीराम चिट्सच्या निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली : समोरचा ‘व्यापारी हेतू होता’ म्हणत असेल, तर ते सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. फक्त बिल एकदा नीट बघून घ्या. ते तुमच्या नावाने आहे की कुठल्या फर्मच्या नावाने, त्यावर जीएसटी क्रमांक घातला आहे का? घातला असेल तर हा मुद्दा जोरात मांडला जाईल, म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

खरी लढाई जोडणीच्या मुद्द्यावर होणार आहे. तो नीट समजून घ्या, कारण ग्राहक आयोगासमोर, म्हणजे ग्राहक कोर्टासमोर, तुम्हालाच सांगायचा आहे.

‘१२ व्होल्टची बॅटरी’ हे नुसतं नाव आहे. पूर्ण चार्ज झालेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी शांत असताना साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू होऊन डायनामो चार्ज करू लागला की तोच आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत जातो. स्टार्टर मारताना व्होल्टेज क्षणभर खाली कोसळतं आणि पाठोपाठ झटकेही येऊ शकतात. आता अ‍ॅडॅप्टर बघा. बाजारातल्या पुष्कळ छोट्या टीव्हींना बाहेरचा अ‍ॅडॅप्टर असतो, त्यावर ‘आउटपुट १२ व्होल्ट डीसी’ लिहिलेलं असतं, आणि तो नियंत्रित, स्थिर १२ व्होल्ट देतो. विक्रेते ते ‘१२ व्होल्ट’ वाचून टीव्ही थेट बॅटरीवर चालेल असं सांगतात. काही टीव्ही तसे चालूनही जातात. काही पहिल्याच महिन्यात जळतात. तुमचा टीव्ही इंजिन चालू करताक्षणी गेला, हे या कारणाशी जुळतं. पण ते सिद्ध करावं लागेल. त्यासाठी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने बॅटरीचं व्होल्टेज इंजिन बंद असताना, सुरू करताना आणि चालू असताना मोजून घ्या, त्याचा सलग व्हिडिओ काढा आणि त्याचं शपथपत्र करून घ्या.

यावर दुकानदार म्हणेल, ‘बघा, चूक जोडणीचीच आहे.’ तिथेच तुमचा व्हॉइस मेसेज कामाला येतो. वस्तू विक्री कायदा, १९३० चं कलम १६ सांगतं की खरेदीदाराने वस्तू कशासाठी हवी ते विक्रेत्याला सांगितलं, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली आणि विक्रेता त्याच मालाचा व्यापारी असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असेल अशी अट सौद्यात न लिहिताही गृहीत धरली जाते. तुम्ही डिझेल इंजिन सांगितलं, डायनामो सांगितला. थेट जोडा, असं तोच म्हणाला. मग वॉरंटी कार्डावर काहीही छापलेलं असो, या सल्ल्याची जबाबदारी त्याला झटकता येणार नाही. या कलमाला एक अपवाद आहे : तुम्ही अमुक कंपनीचं अमुक मॉडेल नाव घेऊन मागितलं असतं, तर हे संरक्षण मिळालं नसतं. तुमच्या प्रश्नावरून दिसतं की मॉडेल दुकानदाराने निवडलं. चॅटमध्येही तसंच दिसतंय का, ते तपासा. शिवाय मालाच्या उपयुक्ततेबद्दल खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तक्रारीत हा मुद्दा वेगळा मांडायला हवा.

चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. चॅट तारखांसह एक्स्पोर्ट करा, व्हॉइस मेसेजची फाइल वेगळी जपा आणि तो शब्दशः लिहून काढा. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके काटेकोर लावले जात नाहीत, तरी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

एक कटू गोष्टही सांगतो. टीव्हीबरोबरच्या पुस्तिकेत ‘फक्त सोबतचाच अ‍ॅडॅप्टर वापरा’ असं स्पष्ट छापलेलं असेल, तर उत्पादक कंपनीविरुद्धची तुमची बाजू खरोखरच लंगडी पडेल. तिने सांगितलेल्या मर्यादेबाहेर तिची वस्तू वापरली गेली. उलट लेबलवर किंवा जाहिरातीत ‘बोट, ट्रक, सोलर बॅटरीसाठी’ असं काही असेल, तर कंपनीही तितकीच बांधील. म्हणून कंपनीलाही विरुद्ध पक्ष करा, पण भर दुकानदाराच्या आश्वासनावर ठेवा. ‘उत्पादन दायित्वा’खाली, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीची जबाबदारी धरून, मोठी भरपाई मागा, असं कोणी सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नका. ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द वस्तूचं नुकसान येत नाही. टीव्हीने पेट घेऊन बोट जळाली असती, तर गोष्ट वेगळी होती.

आणि मधेमधे चित्र तुटायचं, ते तक्रारीतून वगळा. डिश छत्री वापरत असाल तर तिला उपग्रहाकडे स्थिर तोंड लागतं. पाण्यावर हलणाऱ्या बोटीत सिग्नल जाणारच. तो दोष टीव्हीचा नव्हे, आणि तो मुद्दा घातलात तर पक्क्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडेल.

बिलावरच्या छापील ओळींना घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीच कलम २(४७) नुसार अनुचित प्रथा आहे. बिलात मुदत नसेल तर कायद्याने ३० दिवस धरले आहेत. तुमचा बिघाड दुसऱ्या महिन्यात झाला, तेव्हा या एका ओळीवर सगळी मदार ठेवू नका, वॉरंटी आणि सदोष माल हे मुद्दे सोबत ठेवा. संभाजीनगरला खेटे घालायचीही गरज नाही. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासाठी तो परभणीचा. २०१९ च्या कायद्याने दिलेला हा हक्क बिलावरच्या शिक्क्याने जात नाही.

आधी नोटीस पाठवा. वकिलाची असायलाच हवी असं नाही, तुमच्या सहीचीही चालते. खरेदीची तारीख, तुम्ही काय विचारलं, तो काय म्हणाला, टीव्ही कधी आणि कसा गेला, आणि १५ दिवसांत ११,५०० रुपये परत द्या किंवा बोटीवर चालणारा टीव्ही द्या, एवढंच लिहा. दुकान आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपा. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ कंपन्या तिथेच तडजोड करतात.

नाही जमलं तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, पण पुरावा ताजा आहे तोवर करा. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल, तर आयोग कलम ३८ नुसार वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. ११,५०० च्या वस्तूसाठी ती फी परवडते का याचा विचार करा. चॅट आणि इलेक्ट्रिशियनचं शपथपत्र भक्कम असेल तर तपासणीवाचूनही निकाल मागता येतो. मागणीत टीव्हीची रक्कम व्याजासह, त्रासाबद्दल माफक भरपाई आणि खर्च ठेवा. लाखाचा आकडा टाकू नका. कायद्यात निकालाला ३ महिने आणि तपासणी लागल्यास ५ महिने सांगितले असले, तरी प्रत्यक्षात जास्त लागतील, हे धरून चाला.

तोवर दुसरा टीव्ही घेणार असाल तर पाठीवरच्या लेबलवर नुसतं ‘१२ व्होल्ट’ नको, ‘डीसी इनपुट १० ते ३० व्होल्ट’ अशासारखी रुंद मर्यादा छापलेली पाहा. ती नसेल तर मधे स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि योग्य फ्यूज बसवा. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टचा टीव्ही चालवणं मला पटत नाही. वीज वाया जाते, आणि ओल्या बोटीत २३० व्होल्ट म्हणजे जिवाशी खेळ. २४ इंची टीव्ही ३० वॉट घेतो असं धरलं तर ४ तासांत बॅटरीतून साधारण १० अँपियर-तास जातात. त्यासाठी स्टार्टरची बॅटरी वापरू नका, वेगळी ठेवा. पहाटे जाळी काढायला जाताना इंजिन चालू झालंच पाहिजे. बिलावर दुकानदाराकडून ‘बोटीतील १२ व्होल्ट बॅटरी व डायनामोवर वापरासाठी’ असं हाताने लिहून, शिक्का मारून घ्या. तो नाही म्हणाला, तर त्या दुकानातून टीव्ही घेऊ नका.