धुऱ्याचं काय, ते आधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या पत्राचा सारांश: मुलीला नागपूरला जीएनएम नर्सिंगला पाठवावं का, हे मी प्रभूला विचारते आहे. पहाटे प्रार्थनेला बसते, डोळे मिटून बायबल उघडते, बोट ठेवते. वाणी येत नाही. उलट मन भरकटतं, थोरल्या जाऊबाई डोळ्यांपुढे येतात. आम्ही वावराचा धुरा (बांध) फूटभर सरकवला असं त्या म्हणतात, तेव्हापासून बोलणं बंद आहे. मन एकाग्र कसं करू?

ताई, जाऊबाई काय म्हणतात ते तुम्ही लिहिलंत. त्या खोटं बोलतात, असं कुठंच लिहिलं नाहीत.

रोज एकाच माणसापाशी जाऊन थांबणारं मन भरकटलेलं नसतं. मत्तय 5:23-24 काढा. अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जायचं. ही आठवण वेदीपाशीच होते, तुम्हालाही तिथंच होते आहे. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं 27:17 तर थेट शेजाऱ्याची मेर सरकवणाऱ्याबद्दल आहे.

बाळ शमुवेलाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. देवाची तीनदा हाक आली, तीनदा तो एली याजकाकडे धावला, चौथ्यांदा म्हणाला, बोल, तुझा दास ऐकत आहे. उपदेश बहुधा इथंच संपतो. पुढे त्यानं जे ऐकलं तो एलीच्या घराण्यावरचा न्याय होता आणि सकाळी ते सांगायची त्याला भीती वाटली. वाणी ऐकायची म्हणजे नको ते ऐकायचीही तयारी लागते.

बोट ठेवणं आजपासून बंद करा. त्या रीतीनं उद्या मत्तय 27:5 निघेल, येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या गळफासाचं. संदर्भ सुटला की वचनात आपलीच इच्छा नाहीतर भीती दिसते. मार्काचं शुभवर्तमान घ्या. रोज दहा-बारा वचनं ओळीनं, मोठ्यानं, दोनदा वाचा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मग दहा मिनिटं काही मागू नका. मनात येईल ते वहीत लिहा आणि नंतर पारखा. ‘तू वाईटच’ असं मोघम, धास्तावणारं असेल तर सोडून द्या. पवित्र आत्मा दोष दाखवतो तो नेमका असतो: अमुक माणूस, अमुक गोष्ट, आणि ती दुरुस्त करता येते. शास्त्राशी ताडून पाहा आणि मंडळीतल्या एखाद्या जाणत्या, नात्याबाहेरच्या बाईला वही दाखवा.

तुमच्यापुढे नेमकं काम केव्हाच आलं आहे. रविवारच्या उपासनेआधी जाऊबाईंकडे जा. यजमानांना आधी सांगा, शक्यतो सोबत न्या. कोण काय बोललं ते उकरू नका. ‘मोजणी करून घेऊ, धुरा सरकला असेल तर मागं घेतो,’ एवढंच म्हणा. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज तुम्ही करा, फी तुम्ही भरा. आणि सरकवलाय हे घरात ठाऊक असेल, तर मोजणीची वाट कशाला? पुढच्या वखरणीआधी दगड जुन्या जागी ठेवा. जक्कय या जकातदारानं तर चौपट परत द्यायची तयारी दाखवली होती (लूक 19:8).

मुलीचा अर्ज मात्र अडवू नका, शेवटची तारीख निघून जाईल. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, तीन वर्षांची फी किती, वसतिगृह कसं आहे, ही चौकशी तुम्हीच करायची आहे. तिला स्वतःला जायचंय का, हे तुमच्या पत्रात नाही. आज संध्याकाळी तिला विचारा.