ट्यूब तीच, खाज वेगळी

तुम्ही लिहिलंय की मनगटावर उठलेलं पुरळ तीन आठवड्यांत पोटावर आणि मांड्यांवर आलं, रक्ताच्या तपासण्या नॉर्मल आल्या, आणि मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने चार दिवस बरं वाटून पुन्हा उठतं. त्या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. वेंगुर्ल्याजवळ राहते आणि एकाच वर्षात दोन वेगवेगळ्या खाजा भोगून झाल्या आहेत.

पहिली एप्रिलमधली. ओल्या काजूगरांना दर चांगला मिळतो, म्हणून त्या दिवसांत घरोघर हिरव्या बिया चिरून गर काढायचं काम चालतं. सालीत चीक असतो, अंगाला लागला की कातडी काळी पडते, सोलते. सासूबाई बोटांना खोबरेल आणि राख चोळून बसतात. मी घाईत तशीच बसले. त्या दिवशी काहीच झालं नाही. दोन दिवसांनी बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक पाणीदार फोड आले, मग मानेवर, मग पापणी सुजली. मधे दोन दिवस गेल्यामुळे काजू डोक्यातच आला नाही, सगळा आळ आदल्या रात्री खाल्लेल्या तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर. काकी म्हणाल्या, "पित्त उठला हा, सोलां भिजवून लाव." दोन दिवस आमसुलाचं पाणी चोळून लालभडक होऊन बसले होते.

पित्ताच्या गांधी ओळखायची एक सोपी खूण नंतर कळली. एका गांधीभोवती पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहून ठेवा. चोवीस तासांत ती गांध विरून दुसरीकडे नवी उठली तर बहुतेक पित्त. तिथेच ठाण मांडून बसली तर प्रकरण दुसरं.

कुडाळच्या त्वचेच्या डॉक्टरांनी हात पाहून आधी हेच विचारलं, "काजू सोलता का?" काजू, आंबा, बिब्बा एकाच कुळातले, तिघांचाही चीक बाधतो, आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसराही त्रास देऊ शकतो. मला वाटत होतं पुरळ पसरतंय. ते म्हणाले, फोडातल्या पाण्याने हे पसरत नाही. चीक जास्त लागला किंवा कातडी पातळ असली तिथे आधी उठतं, बाकी ठिकाणी मागाहून. नखांत आणि सुरीच्या मुठीवर राहिलेला चीक मात्र पुन्हा पुन्हा लागत राहतो. त्यांनी स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं, दहा दिवसांत हात स्वच्छ. उरलेली ट्यूब मी फ्रीजच्या दारात ठेवली. चूक तिथे झाली.

जूनमध्ये पाऊस लागला, कपडे घरात दोरीवर तीन-तीन दिवस दमट. लेगिंगच्या इलॅस्टिकखाली कमरेला रुपयाएवढा डाग आला, कड लाल आणि उठलेली, मध्ये थोडा साफ. तीच ट्यूब लावली. दुसऱ्या दिवशी खाज गायब! आठवड्याने डाग तळहाताएवढा. मेडिकलमधून दुसरी ट्यूब आणली, एकात तीन औषधांची. पुन्हा तेच. गणपतीपर्यंत कमरेभोवती, मांड्यांत, छातीखाली सगळीकडे पोचलं होतं आणि गोल कड कुठेच दिसत नव्हती, नुसती लालसर, खवले सुटलेली कातडी.

डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं, तो साधा नायटा होता. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, बुरशीला हातही लावत नाही, उलट कातडीचा प्रतिकार कमी पडल्यामुळे तिला रान मोकळं मिळतं. शिवाय गोल कड नाहीशी झाली की नायट्याची ओळखच पुसली जाते, बघणाराही चकतो. म्हणजे एप्रिलमध्ये ज्या ट्यूबने मला बरं केलं, तिनेच पावसाळ्यात वाट लावली.

रक्त नॉर्मल आलं म्हणून तुम्ही गोंधळला आहात ना? नायट्याची बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात राहते, रक्तात ती सापडायची नाही. माझ्या डागाच्या कडेचे खवले खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, थोड्याच वेळात निकाल.

औषध दोन महिने चाललं, गोळ्या आणि मलम दोन्ही. स्टेरॉइड बंद केल्यावर पहिला आठवडा खाज भडकली. ते आधीच बजावून सांगितलं होतं, नाहीतर मी परत फ्रीज उघडला असता. मलम डागाच्या कडेबाहेरही बोटभर लावायचं, आणि कातडी साफ दिसल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करायचे. नवऱ्यालाही मांडीत होतं, लाजेने बोलला नव्हता. त्याचं औषध सुरू झाल्यावरच माझं परत उलटायचं थांबलं. टॉवेल वेगळे केले, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन इस्त्री करून घालायचे. (जुलैत लाइट असेल तर.) वारंवार नायटा होतो म्हणून साखरही तपासली, ती ठीक निघाली.

तुमचं नायटाच असेल असं मी म्हणत नाही. मनगटापासून सुरुवात झाली म्हणता, तर खरजेचाही विचार करायला हवा. रात्री पांघरुणात खाज वाढते का, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे का, घरात आणखी कोणी खाजवतंय का, हे बघा. खरूज असेल तर खाज नसलेल्यांसकट सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावायचं असतं. आणि पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, कातडी सोलणं, ओठ सुजणं किंवा श्वासाला त्रास यातलं काही झालं तर थेट दवाखाना गाठा.

तोवर हातातली ट्यूब पालथी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. 2018 पासून अशी मलमं शेड्यूल एचखाली येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी काउंटरवर मागितली की मिळतात. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. मी नेल्या होत्या, पाच निघाल्या. त्यांतल्या चारांत स्टेरॉइड होतं.