रिपोर्टमधली लाल ओळ

प्रश्न : ताई, मागे हौसेने लाळेची डीएनए टेस्ट केलेली, वंशबिंश बघायला. परवा तिचा रॉ डेटा, म्हणजे टेस्टची कच्ची फाइल, डाउनलोड करून दुसऱ्या एका साइटवर टाकला, थोडे पैसे भरले, तर भलामोठा रिपोर्ट आला आणि त्यात बीआरसीए१ जीनमधला एक बदल लाल रंगात, स्तनाच्या कॅन्सरचा धोका म्हणून. घरात कोणालाच नाहीये हो. तीन रात्री झोप नाही. बहिणीला सांगू का?

उत्तर : आत्ता नको, आधी खात्री करू. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा बरं. चारच रकाने आहेत ना? आरएस नंबर (त्या जागेचं ठरलेलं नाव), क्रोमोसोम, जागा आणि शेवटी एजी, सीसी अशी दोन अक्षरं. मधेच कुठे दोन आडव्या रेघा दिसल्या तर तिथे चिपला (लाळेतला डीएनए तपासायला लॅब वापरते ती छोटी पट्टी) वाचताच आलं नाही असं समजा. अशा साधारण सहा-सात लाख ओळी असतात आणि आपल्या जीनोममध्ये अक्षरं तीन अब्जांहून जास्त, म्हणजे चिप अख्खा डीएनए वाचत नाही, ठरवून दिलेल्या जागा तेवढ्या चाचपते.

आता गंमत अशी की अक्षर कोणतं हे मशीन खूप जणांचे सिग्नल शेजारी ठेवून, आलेखावर कोणाचा ठिपका कुठल्या घोळक्यात पडतो त्यावरून ठरवतं. पुष्कळ लोकांत सापडणारा बदल असेल तर हे मस्त जमतं, पण लाखात एखाद्याकडे असणाऱ्या बदलाला घोळकाच नसतो, मग एखादा भरकटलेला ठिपकाही 'सापडला' म्हणून धरला जातो. २०२१ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लाखात एकापेक्षाही दुर्मिळ बदल चिपने 'आहे' म्हटलं तिथे ८४ टक्के वेळा ते चुकीचं निघालं! त्यामुळे तुमची लाल ओळ खोटी असायचीच शक्यता जास्त. तीच फाइल तिसऱ्या साइटवर टाकून बघू नका, फाइलमधली चूक तिथेही तशीच उमटणार.

पण म्हणून विसरूनही जाऊ नका. 'घरात कोणाला नाही' यावर फार विसंबू नका, हा बदल वडिलांकडूनही येतो आणि पुरुषांत वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. जेनेटिक काउन्सेलरला भेटा, नव्याने सॅम्पल देऊन क्लिनिकल लॅबमधून सीक्वेन्सिंग, म्हणजे त्या जीनची अक्षरं ओळीने वाचण्याची टेस्ट, करून घ्या. उलट ज्यांच्या रिपोर्टमध्ये लाल काहीच नाही त्यांनीही निर्धास्त होऊ नये, बीआरसीए१ आणि २ मध्ये घातक बदल हजारो आहेत आणि चिप त्यातले मोजकेच बघते.

बाकी त्या रिपोर्टमध्ये एमटीएचएफआर या फोलेटशी संबंधित जीनचं पान असेलच, आणि खाली व्हिटॅमिनची जाहिरात :) त्यातला बदल खूप कॉमन आहे, आणि एसीएमजी या अमेरिकन जेनेटिक्स संस्थेने २०१३ मध्येच रक्ताच्या गुठळ्यांच्या तपासणीत त्याची टेस्ट सरसकट करू नका म्हणून सांगितलंय. ते पान सोडून द्या.

आणि लॅबने खरंच 'आहे' म्हटलं तर मात्र त्याच दिवशी बहिणीला फोन करा, कारण आईवडिलांपैकी एकाकडून तुम्हाला आला असेल तर तिच्याकडेही असायची शक्यता निम्मी आहे.