वंशावळ शोधताय? आधी आत्याकडे जा

वंशावळ शोधायला सुरुवात केलीत, फार बरं वाटलं. पण लगेच पेशवे दप्तराकडे, म्हणजे पेशवेकाळातल्या सरकारी कागदांकडे धावू नका. ते पुणे पुरालेखागारात आहे, तिथे मोडी या जुन्या लिपीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. मूळ गाव, तालुका माहीत नसताना तिथे दिवस फुकट जातो.

आधी घरातली वयस्कर माणसं गाठा, याच महिन्यात. कागद पुढच्या वर्षीही मिळेल, नव्वदीतली आत्या भेटेलच असं नाही. नुसतं "नावं सांगा" म्हटलं की ती गोंधळतात. लग्नातला जुना फोटो पुढ्यात ठेवा नि विचारा: हे कोण, कुठल्या गावचे, यांची बहीण कुठे दिली? परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. बायकांची माहेरची नावं तेव्हाच लिहून घ्या, पुढे कागदांत ती क्वचितच सापडतात.

मग कागद:
- आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा
- गावचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी. वारसनोंदीत भावंडं एकत्र सापडतात, म्हणून मला हे सर्वांत मोलाचे वाटतात
- तहसिलातलं कोतवाल बुक (गाव नमुना 14), जन्ममृत्यूसाठी

आडनाव एक म्हणून घराणं एक धरू नका. कुलदैवत आणि मूळ गाव जुळतंय का बघा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असल्याने गणेश विठ्ठल, विठ्ठल गणेश, पुन्हा गणेश विठ्ठल अशी साखळी येते आणि दोन वेगळी माणसं एकच समजली जातात. प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितलं आणि अंदाजे साल लिहाच.

मोडीचं आत्ता डोक्यात घेऊ नका. पणजोबांपर्यंत पोचलात की विचारा, सविस्तर सांगेन.