मागाच्या खडखडाटात झोपणारी पोर

"मॅडम, सारखी झोपते. आळशी झालीय नुसती." बेळगावात समुपदेशन करताना हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. खानापूरचे आईबाप म्हणतात, निपाणीचे म्हणतात. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं: रात्री दीडपर्यंत मोबाइल आणि पहाटे ट्यूशन. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, मिळते पाच तास. म्हणून मीही आधी तेच विचारायची. एका मुलीनं माझे प्रश्न बदलले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

वडगावची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. घरातच चार पॉवरलूम.

"बगा मॅडम," वडील म्हणाले, "बाजूला माग चालू असतोय, बोललेलं ऐकू येत नाही, तरी ही झोपालीया. रात्री नऊ तास झोपून बी. आजी म्हणते, बाहेरचं हाय."

आजीलाही कारण होतं. पोर रात्री घाबरून सांगायची, छातीवर कुणीतरी बसलंय, हात हलत नाही. सौंदत्तीचा भंडारा लावून झाला होता.

मुलीचा चेहरा कोरा. मैत्रिणी तुटलेल्या. कबूल करते, पहिल्या दोन भेटींनंतर माझ्या वहीत 'नैराश्य?' असं लिहिलेलं होतं.

तिसऱ्या भेटीत चहा आला आणि वडील रंगात येऊन तरुणपणीची गोष्ट सांगू लागले. गणपतीतल्या नाटकात त्यांची चिकटवलेली मिशी गळली आणि थेट राजाच्या पगडीवर जाऊन बसली. आई हसली, मीही हसले. मुलीच्या ओठांचा कोपरा जरा हलला, आणि दुसऱ्या क्षणी तिची हनुवटी छातीवर आली. पापण्या अर्ध्या मिटल्या, कप हळूहळू तिरका झाला, चहा ओढणीवर सांडला. दहा-पंधरा सेकंद.

"झालं, झोपली," वडील म्हणाले.

मान वर आल्यावर मी तिला विचारलं, "मिशी कुठं जाऊन बसली?"

"पगडीवर. सगळं ऐकू येत होतं मॅडम. अंगच गेलं."

"हसलीस की असं होतं?"

बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हणून तर मी हसत नाही. कॉलेजात एकदा गुडघेच गेले. सगळ्या म्हणाल्या, नाटक करते."

मी वहीतलं 'नैराश्य' खोडलं. तो कोरा चेहरा दुःखाचा नव्हता, तिनं दोन वर्षं कष्टानं कमावलेला होता. विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करणारी मी लोकांना सांगत असते की वागण्याला नाव द्या, माणसाला शिक्का मारू नका. इथं मीच शिक्का घेऊन बसले होते. पण तो प्रश्न वेळेवर सुचला, याचं समाधान आजही आहे.

न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. रात्रभर झोपेची तपासणी, आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी पाच वेळा डुलकी घ्यायला लावून बघतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा लगेच स्वप्नांची झोप सुरू झाली, तर नार्कोलेप्सीकडे, म्हणजे झोप-जागेपणावरचा मेंदूचा ताबा सुटण्याच्या आजाराकडे, बोट जातं. आपल्याला ती झोप यायला साधारण दीड तास लागतो. हिला पाचांपैकी चार वेळा काही मिनिटांतच आली.

मग घरच्यांना मी समजावलं. दिवसभर जागल्यावर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठतं, तीच झोपेची ओढ. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवतं. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, कारण त्या हिस्टामिनला अडवतात, आणि हिस्टामिन हे मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनांतलं एक. या जागं ठेवणाऱ्या सगळ्यांना धरून ठेवतं ते ओरेक्सिन. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी ते शोधलं, म्हणून त्याला हायपोक्रेटिन असंही दुसरं नाव आहे. अब्जावधी पेशींच्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी साधारण पन्नास ते ऐंशी हजारच. हिच्यासारख्या रुग्णांत त्यातल्या बहुतेक नष्ट झालेल्या असतात, बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे.

हे मी सांगत असताना वडील मध्येच म्हणाले, "म्हणजे स्टार्टरची कॉइल की वो! बटण आत धरून ठेवतीया ती. कॉइल गेली की मोटर कवा बी पडते." इतकं नेमकं मला सुचलं नसतं. स्वप्न पडताना हातपाय चालू नयेत म्हणून मेंदू स्नायू ढिले करतो. धरून ठेवणारं कुणी नसलं की ती ढिलाई जागेपणी, हसता हसता येते. झोपेच्या उंबरठ्यावर आली की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. मात्र हे निरोगी माणसालाही एखाद्या वेळी होतं, तेवढ्यावरून घाबरू नका.

म्हणून पालकांनो, आधी दोन आठवडे पुरती झोप द्या. घोरणं, थायरॉइड, रक्त कमी असणं, उदास मन, हेही बघून घ्या. नार्कोलेप्सी हजारोंत एखाद्यालाच असते. पण पुरती झोप घेऊनही रोज डोळे मिटत असतील, आणि हसताना गुडघे, जबडा किंवा मान सुटत असेल, तर ओरडण्यात वर्षं घालवू नका. औषधांनी ओरेक्सिन परत येत नाही, पण दिवस सावरतो. दुपारी ठरवून घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची डुलकी मोठं काम करते. आजार आटोक्यात येईपर्यंत स्कूटी, विहिरीत पोहणं आणि चालू माग, तिन्ही बंद.

तिच्या घरी मागांपासून लांब, माडीवर एक खाट टाकलीय. परवा तिघं आले होते. वडिलांनी मिशीची गोष्ट पुन्हा काढली, तशी ती उठून खुर्चीवरून खाली सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "हं पप्पा, आता सांगा."